रिमोटने बंद केलेला टीव्ही खरंच 200 रुपयांची वीज खातो का?

नाशिकच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: रिमोटने बंद केलेला टीव्ही महिन्याला 200 रुपयांची वीज खातो, मोठा टीव्ही एसीइतकं बिल आणतो आणि सरकारने आयात बंद केलीय, म्हणून जुना काढून 5 स्टार टीव्ही आजच घ्या. सातपूर-सिडकोतलं एखादं घर हे वाचून चांगला टीव्ही काढून नवा हप्त्यावर घ्यायला निघालं, तर नुकसान त्याचंच. म्हणून हे लिहितोय.

आधी 200 रुपये. युनिट 10 रुपयांना धरलं तरी हे 20 युनिट होतात. रोज 18 तास टीव्ही बंद असेल, तर त्या वेळात त्याने सतत 37 वॅट ओढायला हवेत. तेवढ्यात 32 इंची एलईडी टीव्ही चालू राहतो! अलीकडच्या टीव्हीचा स्टँडबाय अर्ध्या वॅटच्या आसपास असतो, म्हणजे महिन्याला पाव युनिटच्या थोडं वर. खात्री हवी असेल तर फ्रीजसकट घरातलं सगळं बंद करा, फक्त टीव्ही रिमोटने बंद ठेवा आणि मीटरवरचा लाल दिवा बघा. मीटरवर युनिटमागे 3200 पल्स (म्हणजे दिव्याचे लुकलुकाट; मीटरवर imp/kWh) छापलेले असतील, तर 37 वॅटला तो दर अर्ध्या मिनिटाला लुकलुकेल. अर्ध्या वॅटला पुढचा लुकलुकाट दिसायला अर्ध्या तासाहून जास्त थांबावं लागेल.

हीच चाचणी सेट-टॉप बॉक्स लावून करा. बऱ्याच बॉक्सना बंद-चालूचा फारसा फरक पडत नाही. रात्री हात लावला तरी कोमट लागतात. 10 वॅटचा बॉक्स त्याच 18 तासांत महिन्याला 5 युनिटच्या वर जातो. बटण बंद करायचं तर त्याचं करा.

एसीची तुलना तर टिकतच नाही. 43 इंची टीव्ही 80 वॅटचा धरा: रोज 5 तास पाहिला तर महिन्याला 12 युनिट. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालला, तर साधारण 8 तासांत तेवढी वीज घेतो.

स्टारबद्दलही घोळ आहे. स्टार देताना पडद्याचा आकार हिशेबात धरतात, त्यामुळे 55 इंची 5 स्टार हा कमी स्टारच्या 32 इंचीपेक्षा जास्त वीज घेऊ शकतो. एमजी रोडवर टीव्ही बघायला गेलात तर स्टार मोजत बसू नका, लेबलवर छापलेले वर्षाचे युनिट वाचा.

राहिली आयात. 30 जुलै 2020 ला रंगीत टीव्ही 'प्रतिबंधित' यादीत गेले, म्हणजे आणायला परवाना लागू लागला. बंदी आली नाही. आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक टीव्ही देशातच जोडले जातात, पॅनल तेवढं मुख्यतः बाहेरून येतं. उलट 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय. धावतपळत दुकान गाठण्याचं यात काहीच कारण नाही.