सोनोग्राफी नॉर्मल आली, म्हणून हात नॉर्मल झाला का?

सध्या नाशिकच्या बऱ्याच ग्रुपांवर, त्यातही निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपांवर, एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: हातातल्या शिरेत झालेली रक्ताची गाठ किरकोळ असते, धोका फक्त पायातल्या गाठीचा. तीन महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतल्या आणि सोनोग्राफी नॉर्मल आली की हात पहिल्यासारखा. त्यानंतरही जो मजूर ‘हात भरून येतो’ म्हणतो तो कामचुकार. मूठ वळते, हात वर जातो, मग अपंगत्व कसलं? दवाखान्यात प्रश्नांचे फॉर्म भरून घेतात ती बनवाबनवी, चाळीस मार्क पाडले की प्रमाणपत्र हातात. आणि शेवटी सल्ला: तेल लावून हात जोरात रगडा.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. असे हात माझ्याकडे येतात. या मेसेजच्या जोरावर एखाद्या बाईची रोजी जाणार असेल तर गप्प बसणं मला जमणार नाही. एकेक मुद्दा घेते.

‘हातातली गाठ किरकोळ असते.’ खोल शिरांमध्ये होणाऱ्या एकूण गाठींपैकी हातातल्या साधारण ४ ते १० टक्के असतात. म्हणजे त्या कमी होतात, एवढंच खरं. तिथून गाठ सुटून फुप्फुसात जाण्याची शक्यता पायापेक्षा कमी आहे, पण आहे. पुष्कळदा ही गाठ सलाइन-केमोसाठी घातलेल्या मोठ्या नळीमुळे, पेसमेकरच्या वायरमुळे किंवा कॅन्सरमुळे होते. दुसरा प्रकार मात्र धडधाकट, कष्टकरी माणसाला गाठतो. कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्या फटीतून हाताची मुख्य शीर जाते. हात पुन्हा पुन्हा डोक्यावर नेऊन काम केलं की ती तिथे चेंगरते, आतून दुखावते आणि एक दिवस रक्त गोठतं. जेम्स पॅजेट यांनी १८७५ मध्ये आणि श्रोटर यांनी १८८४ मध्ये याचं वर्णन केलं. आजही हा आजार त्या दोघांच्या नावाने ओळखला जातो. द्राक्षाच्या मांडवाखाली छाटणी, काडी बांधणं, थिनिंग (घडातले जादा मणी काढणं), डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं) करताना हात कुठे असतात हे बागायतदारांना मी सांगायला नको.

‘गोळ्या संपल्या, सोनोग्राफी नॉर्मल, विषय संपला.’ गोळ्यांचं काम गाठ वाढू न देणं आणि नवी होऊ न देणं. जुनी गाठ विरघळवायचं काम शरीर स्वतः करतं, आणि ते दर वेळी पुरतं होतंच असं नाही. शिरेच्या आत वण राहतो, वाट अरुंद होते, रक्त आजूबाजूच्या बारीक शिरांतून फिरून जाऊ लागतं. खांद्यावर आणि छातीवर निळसर शिरांचं जाळं दिसतं ते त्याचंच. बसल्या जागी एवढी वाट पुरते. हात राबायला लागला की आत येणारं रक्त वाढतं, परतीची वाट तेवढीच राहते, आणि हात फुगतो, जड होतो, लवकर थकतो.

सोनोग्राफी होते झोपवून, हात निवांत ठेवून. शिवाय गाठ नाही याची मोठी खूण म्हणजे वरून दाबल्यावर शीर मिटणं. कॉलरबोनच्या मागे गेलेली शीर दाबताच येत नाही, म्हणजे या आजाराची मुख्य जागाच नीट तपासायला अवघड. म्हणून ‘नॉर्मल’ रिपोर्टला मी गाठीपुरतं उत्तर मानते. हात आठ तास काय करू शकतो, हा प्रश्न त्या मशीनला कुणी विचारलेलाच नसतो.

हाताच्या गाठीनंतर असा कायमचा त्रास किती जणांना राहतो, यावरचे अभ्यास २००६ मध्ये एकत्र तपासले गेले. आकडे निघाले ७ टक्क्यांपासून ४६ टक्क्यांपर्यंत, सरासरी १५. एवढी तफावत पडायला एक मोठं कारण म्हणजे प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी होती. पायासाठी व्हिलाल्टा नावाची गुणपद्धत आहे: पाच तक्रारी, सहा खुणा, प्रत्येकीला ० ते ३ गुण, ५ किंवा जास्त झाले की गाठीनंतरचा त्रास आहे असं धरतात. पण तिच्यात पोटरी दाबून दुखतं का हे बघतात, नडगीवरची सूज बघतात, पायावर जखम असेल तर आजार थेट गंभीर ठरतो. हाताला पोटरी नाही, आणि अशी जखम हातावर जवळपास होतच नाही. थोडेफार बदल करून हीच पट्टी वर्षानुवर्षं हातालाही लावली गेली. हातासाठी वेगळी गुणपद्धत तज्ज्ञांनी एकमताने ठरवायला घेतली ती अगदी अलीकडे. ज्या पट्टीवर त्रास नोंदवायला रकानाच नव्हता, तिच्यावर तो शून्य दिसला याचा मजुराला दोष कसा देता?

‘मूठ वळते, हात वर जातो, मग अपंगत्व कसलं?’ हा मुद्दा सगळ्यात जास्त नुकसान करतो. एकदा हात वर जाणं आणि दिवसभर वर राहणं यात फार अंतर आहे. पेठकडून थिनिंगला येणाऱ्या टोळीतली एक बाई सकाळी माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या दोन्ही हातांत बांगड्या सैल खुळखुळत होत्या. टेपने मोजलं तर उजव्या-डाव्यात नेहमी असतो तेवढाच फरक. तिला कामावरून थेट, हातपाय धुवायलाही न थांबता यायला सांगितलं. संध्याकाळी आली तेव्हा उजव्या हातातल्या बांगड्या फिरत नव्हत्या, ब्लाउजच्या बाहीची कड दंडात रुतून लाल रेघ उमटली होती आणि पंजा डाव्यापेक्षा निळसर होता. सकाळचा कागद तिला ठणठणीत म्हणत होता. टोळीला एकरी ठेका असतो. एकीचा हात मागे पडला की पुढच्या एकराला मुकादम तिला घेत नाही.

म्हणून माझं म्हणणं आहे की हा हात कामानंतर मोजा. कोपराच्या वर आणि खाली ठरावीक अंतरावर, दोन्ही बाजूंना टेप लावा, आणि उजवखोऱ्या माणसाचा उजवा हात मुळातच थोडा जाड असतो हे लक्षात ठेवा. पकडीची ताकद एकदा दाबून बघू नका, लागोपाठ दाबायला लावा, मग ती कशी उतरत जाते ते दिसतं. हात वर धरून मुठी उघडमीट करायला लावा आणि कधी थांबावंसं वाटलं ते लिहून ठेवा. रोजच्या कामाचा हात बाधित असेल तर जगण्यावरचा परिणाम जास्त होतो, हेही २००६ च्या त्याच आढाव्यात दिसलं होतं. तेव्हा कोणता हात, हे कागदावर आलंच पाहिजे.

‘फॉर्म म्हणजे बनवाबनवी, चाळीस मार्क पाडले की प्रमाणपत्र.’ इथे दोन वेगळे आकडे एकत्र कालवले आहेत. दवाखान्यात भरून घेतात तो बहुतेक ‘डॅश’ फॉर्म, म्हणजे हात-खांद्याच्या त्रासाने रोजची कामं किती अडतात ते विचारणारा. त्यात ३० प्रश्न असतात, छोट्या आवृत्तीत ११. घट्ट झाकण उघडणं, किल्ली फिरवणं, डोक्यावरच्या फळीवर वस्तू ठेवणं, पाठ धुणं अशी कामं, प्रत्येकाला १ ते ५ गुण. सरासरीतून १ वजा करून २५ ने गुणायचं. सगळीकडे ‘थोडी अडचण’ म्हणजे २ लिहिलं तर उत्तर २५ येतं. आकडा जेवढा मोठा, तेवढा त्रास जास्त. ३० पैकी किमान २७ उत्तरं नसतील तर गुण काढतच नाहीत. हे गुण टक्केवारी नाहीत, आणि त्यांवर कुणी प्रमाणपत्र देत नाही. साधारण १० गुणांचा फरक पडला तर बदल खरा मानतात. म्हणजे उपयोग आहे तो त्याच माणसाचा आधीचा आणि नंतरचा आकडा ताडून बघण्याचा.

या फॉर्ममध्ये उणीव आहे, पण मेसेजवाले म्हणतात त्याच्या नेमकी उलटी. कोणत्या हाताने काम केलं याने फरक पडत नाही, असं त्यातल्या सूचनेतच म्हटलेलं असतं. उजवा दुखतो म्हणून सगळं डाव्याने उरकणाऱ्या जिद्दी बाईचे गुण त्यामुळे चांगले येतात. म्हणजे त्रास वाढवून दिसण्याऐवजी झाकला जातो. त्यावर उपाय त्याच फॉर्मच्या शेवटी आहे: कामाविषयीचे चार जादा प्रश्न. नेहमीच्या पद्धतीने, नेहमीएवढा वेळ, मनासारखं काम होतं का, हे ते विचारतात. ते ऐच्छिक असल्यामुळे बहुतेक ठिकाणी कोरे राहतात. कोरे सोडू नका. खांदा आखडला असेल किंवा जुनं फ्रॅक्चर असेल तरी डॅश वाढतो, हेही खरं, म्हणून त्याच्या जोडीला तपासणी हवीच.

प्रमाणपत्राचा मार्ग वेगळाच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत हाताच्या शिरेतली गाठ नाही. हाताचं मूल्यमापन अस्थिव्यंगाच्या नियमांनी होतं: सांध्याची हालचाल, स्नायूंची ताकद आणि दहा कामं, प्रत्येकी ९ टक्के. हाताने जेवणं, वेणी घालणं, सदरा चढवणं, बटण लावणं, नाडी बांधणं, पेलाभर पाणी पिणं, लिहिणं वगैरे. आरक्षणासारख्या लाभांसाठी ४० टक्के लागतात. आता बघा, शिरेची वाट अरुंद झालेली बाई ही दहाही कामं एकेकदा करून दाखवेल. तिचं दुखणं अकराव्या कामात आहे, जे त्या यादीत नाही: तेच काम तासन् तास करत राहणं. चाळीस टक्के सहज मिळवणारी मंडळी मेसेजवाल्यांना कुठे भेटली कोण जाणे. मला भेटतात त्या शून्याचा कागद घेऊन परत आलेल्या.

‘तेल लावून रगडा.’ ताज्या गाठीवर मुळीच नाही. हात अचानक सुजला, निळसर पडला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर सरळ इमर्जन्सीत जा. बरं झाल्यावर हात गळ्यात बांधून ठेवणंही चूक, त्याने खांदा आखडतो. आणि बागायतदारांना एक विनंती: अशा बाईला काढून टाकण्याआधी हंगामभर तिला डबे भरायला, मणी निवडायला, पॅकिंगला बसवून बघा. ती कामं छातीच्या खालच्या उंचीवर होतात, आणि तिथे तिचा हात दिवसभर टिकतो.