नुसतं थांबून भागत नाही

पावसाळा आला की कोल्हापूरच्या ग्रुपांवर 'थांबा, विचार करा, मग फॉरवर्ड करा' हा सल्ला फिरू लागतो. सल्ला बरा आहे, पण अर्धाच. थांबून करायचं काय, ते कुणी सांगत नाही.

मिसळ आणि ताक मिळून 110 रुपये. मिसळ ताकापेक्षा 100 रुपयांनी महाग. ताक कितीला? पटकन 10 म्हणाल. पण मग मिसळ 110 ची आणि बिल 120 चं. ताक 5 रुपयांना. संशोधक शेन फ्रेडरिक यांच्या 2005 च्या चाचणीत बॅट-बॉलचा असाच प्रश्न होता. इथं थांबणं पुरतं, कारण एका बेरजेत चूक उघडी पडते.

मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांचा 1960 चा प्रयोग मात्र वेगळा. 2-4-6 कुठल्या नियमात बसतात ते ओळखायचं. तुम्ही आणखी तीन-तीन आकडे विचारायचे, समोरचा 'बसतात' किंवा 'नाही' एवढंच सांगणार. लोक 8-10-12 विचारतात, 20-22-24 विचारतात, दरवेळी 'बसतात' ऐकतात आणि 'दोन-दोननं वाढणारे' असं छातीठोक सांगतात. चूक! नियम फक्त चढत्या क्रमाचा. 1-2-9 विचारलं असतं तर तिथंच कळलं असतं. घाई कुठंच नव्हती. आपलं म्हणणं पाडू शकेल असा प्रश्न तेवढा विचारला गेला नाही.

गोम इथंच आहे. निवांत बसलेला, शिकलेला माणूस तर आपल्याच मताची वकिली जास्त सफाईनं करतो.

'राधानगरीचे 2 दरवाजे उघडले, शहर बुडणार' असा मेसेज आला. 2019 च्या पुराचे फोटो चाळत तासभर विचार केलात तरी ते 8-10-12 च. उलटं विचारा: हे खोटं असेल तर काय दिसेल? स्वयंचलित दरवाजा एक 1428 क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी; दोन मिळून 2856. (हे दरवाजे कुणी उघडत नाही हो, धरण भरलं की आपोआप उघडतात.) मग त्यानं नदी किती चढली ते कळायला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा. इशारा 39 फुटांवर, धोका 43 वर. एका आकड्यावर जाऊ नका. तासातासाचे तीन आकडे वेळेसकट लिहा. पातळी 28 आणि उतरती असेल, तर निदान आत्ता तरी मेसेजात दम नाही.

'दोनच दरवाजे, काय होतंय!' म्हणणाऱ्यांनाही हाच नियम. पंचगंगेला येणाऱ्या कासारी, कुंभी, तुळशी नद्यांचं पाणी काय राधानगरीला विचारून येतं?

आणि पातळी 41, चढती, घर नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीत असेल, तर कागद-पेन राहू दे. आधी जनावरं हलवा.