आजी पंच्याण्णव वर्षं जगली, म्हणून?

गेल्या आठवड्यात आप्पाकाकांनी फॅमिली ग्रुपवर परत तो मेसेज टाकला. परत म्हणजे मला तो आत्तापर्यंत पाचसहा वेळा तरी आलाय, दर वेळी खालची फुलं तेवढी बदलतात. तुम्हालाही आला असणार. थोडक्यात असा की आपले आजी-पणजोबा शंभर शंभर वर्षं जगायचे, ना फ्रिज ना आरओ, विहिरीचं नदीचं पाणी प्यायचे तरी काही व्हायचं नाही, बाळंतपणं घरातच सुईण करायची, बीपी शुगर कॅन्सर ही नावंसुद्धा कुणाला माहीत नव्हती, आणि आज बघा गल्लोगल्ली दवाखाने, म्हणून हे सगळं डॉक्टर आणि कंपन्यांनी मांडलेलं दुकान आहे, निसर्गाकडे परत चला, दहा जणांना पाठवा.

मी ज्युनियर कॉलेजला लॉजिक शिकवते. मुलं हा विषय मार्क मिळतात म्हणून घेतात आणि पहिल्याच तासाला मी त्यांना सांगते की कुठलाही मेसेज आला की आधी त्यातला ‘म्हणून’ शोधा. त्याच्या आधीचं ते आधारविधान, नंतरचा तो निष्कर्ष. या मेसेजमध्ये ‘म्हणून’ एकदाच लिहिलंय, पण न लिहिलेले चारपाच तरी आहेत आणि खरी भानगड त्या न लिहिलेल्यांतच आहे. तर एकेक घेते.

“शंभर शंभर वर्षं जगायचे”

कोण जगायचे, असं विचारलं की उत्तर येतं, आमची आजी. बरोबर आहे, माझीही आजी, म्हणजे आप्पाकाकांची आई, पंच्याण्णव वर्षांची होऊन गेली, शेवटपर्यंत स्वतःचे दात होते. यात खोटं काही नाही. पण आजी आपल्याला आठवते कारण ती जगली! तिच्या बरोबरची जी मुलगी नवव्या वर्षी देवी येऊन गेली ती कुणाची आजी झालीच नाही, तिचा फोटो नाही, तिच्यावर मेसेज लिहायला नातवंडं नाहीत. म्हणजे आपण फक्त पास झालेल्यांना गोळा करून विचारतोय की पेपर कसा होता आणि सगळे म्हणतायत सोपा होता.

मेसेजवाल्यांच्या बाजूचं सगळ्यात भारी उदाहरण मीच देते. महर्षी धोंडो केशव कर्वे, जन्म १८५८ चा, १०४ वर्षं जगले, शंभराव्या वर्षी, १९५८ ला, भारतरत्न मिळालं. आता त्याच घरात जरा बाजूला बघा. त्यांच्या पहिल्या बायको राधाबाई १८९१ साली बाळंतपणात गेल्या, वय सत्तावीसच्या आसपास, मुलगा रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा. घर तेच, पाणी तेच, जेवण तेच. मग यातलं कुठलं उदाहरण धरायचं? मेसेज लिहिणारा कर्व्यांना धरतो आणि राधाबाईंना सोडतो, एवढीच त्याची युक्ती.

एकेका उदाहरणावर भांडण मिटत नाही म्हणून तर सरासरी काढतात. स्वातंत्र्य मिळालं त्या सुमाराला भारतातलं सरासरी आयुर्मान साधारण ३२ वर्षं होतं, आज ते ७० च्या आसपास आहे. आणि १९११ ते १९२१ हे जनगणनेतलं असं एकच दशक आहे की ज्यात देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली, १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने माणसं अक्षरशः लाखोंनी गेली.

इथे आपल्या बाजूचे लोकही एक चूक करतात तीही सांगून टाकते, नाहीतर आप्पाकाका म्हणतील हिला आमच्याच चुका दिसतात. सरासरी ३२ म्हणजे लोक तिशीत म्हातारे होऊन मरायचे असं नाही! समजा दहा मुलं जन्मली, चार तान्हेपणीच गेली आणि उरलेली सहा साठ साठ वर्षं जगली, तर सरासरी येते ३६. साठीचे म्हातारे तेव्हाही होतेच आणि नव्वदीचेही थोडे होते. १९५० च्या सुमाराला हजारात साधारण दीडशे बाळं पहिल्या वाढदिवसाच्या आत जायची, २०२० ला हा आकडा २८ वर आला. आयुष्य ‘वाढलं’ ते मुख्यतः इथे वाढलं, पाळण्यात.

यासाठी जनगणनाच बघायला पाहिजे असंही नाही, आपली जुनी नावं बघा. दगडू, धोंडू, भिकू, केरू. मुलं जगत नाहीत म्हणून पुढच्याला मुद्दाम टाकाऊ नाव ठेवायचं, म्हणजे मृत्यूची नजर पडणार नाही. (महर्षींचं धोंडो हे नाव तसंच पडलं असं मी म्हणत नाहीये, नुसत्या नावावरून ते सिद्ध होत नाही, उगाच कुणी ते पुढे पाठवू नका.)

“विहिरीचं पाणी प्यायचे, काही व्हायचं नाही”

हे वाक्य वाचलं की मला खरंच राग येतो. कारण काही व्हायचं नाही तर मग गावोगावी वेशीवर मरीआईचं देऊळ कशाला लागतं? पटकीची साथ आली की तिला साकडं घालायचे. पटकी म्हणजे कॉलरा, आणि तो पसरतो घाण झालेल्या पाण्यातून. काही होत नव्हतं हे आधारविधान आहे आणि त्याला खोडून काढणारा पुरावा आपल्याच गावाच्या वेशीवर शेंदूर लावून उभा आहे.

आणि नारू? पन्नाशीच्या आतल्या वाचकांना हा शब्दही माहीत नसेल, ज्यांनी बघितलाय ते विसरलेले नाहीत. पायऱ्यांच्या विहिरीत माणूस पाय बुडवून पाणी भरायचा, त्या पाण्यात बारीक किडे आणि त्यांच्या पोटात नारूच्या अळ्या, ते पाणी प्यायलं की साधारण वर्षाने पायाला फोड येऊन त्यातून दोनतीन फूट लांब जंत बाहेर यायला लागायचा, मग तो काडीवर गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, मध्येच तुटला तर पाय सुजून माणूस महिनाभर आडवा, तेही ऐन पेरणीत. यावर लस नाही आणि नारू मारणारं औषधही नाही. मग गेला कसा? पाणी फडक्याने गाळून, पायऱ्यांच्या विहिरी बंद करून, हातपंप बसवून. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. म्हणजे कुठल्या कंपनीने एक गोळी न विकता रोग गेला आणि तो ‘शुद्ध नैसर्गिक’ पाणी पिणं बंद केल्यामुळे गेला. आता सांगा, हे मेसेजमध्ये कुठे बसवायचं?

आरओबद्दल मात्र थोडं मान्य. ज्या घरी पालिकेचं चांगलं पाणी येतं तिथे आरओ लागतोच असं नाही आणि तो पाणी वायाही बरंच घालवतो. पण ‘आरओ लागत नाही’ आणि ‘पाणी शुद्ध करायला लागत नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत, मेसेज एक सांगून दुसरं खिशात घालतो.

“बाळंतपणं घरातच व्हायची”

व्हायची की. राधाबाईंचं वर सांगितलंच. आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मुलगा झाला, तो दहा दिवसांत गेला, त्यातूनच त्यांनी डॉक्टर व्हायचं मनावर घेतलं आणि त्या काळात बोटीने अमेरिकेला जाऊन १८८६ ला पदवी घेतली, आणि १८८७ मध्ये क्षयाने स्वतः गेल्या, एकविसाव्या वर्षी. सुईणींना नावं ठेवायचा माझा विचार नाही, कित्येकींचा हात फार चांगला असायचा. पण ‘घरी व्हायची’ यावरून ‘नीट व्हायची’ हे निघत नाही.

“बीपी-शुगरचं नावही नव्हतं”

दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायचं यंत्र आलं १८९६ साली, इटलीत. त्याआधी बीपी ‘असणार’ कसं? मोजतच नव्हते. माणूस वाड्यात बसल्या बसल्या कोसळायचा आणि लोक म्हणायचे झटका आला, कुणाची नजर लागली. माहीत नसणं म्हणजे नसणं नाही. आणि शुगरचं नाव नव्हतं म्हणे! मधुमेह हा शब्द चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत आहे, म्हणजे ज्यांचा अभिमान म्हणून हा मेसेज पाठवतायत त्यांनीच तो रोग लिहून ठेवलाय.

पण या मुद्द्यात दम आहे, तो नाकारला तर मीही तेच करतेय जे मेसेज करतो. शुगर खरंच वाढली आहे, २०२३ ला आलेल्या आयसीएमआरच्या अभ्यासात देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे. बसून काम, चालणं नाही, जेवणात नुसता भात आणि मैदा, वर दिवसाला चार गोड चहा. आजी रोज पाणी शेंदायची, दळायची, शेतावर जायची, ते तिच्या तब्येतीला नक्की उपयोगी पडलं असणार. पण यातून निष्कर्ष निघतो तो ‘चाला आणि कमी खा’ एवढाच, ‘डॉक्टरकडे जाऊ नका’ हा कुठून आला? आणि कॅन्सर मुख्यतः उतारवयात गाठतो, तिथपर्यंत पोचणारेच वाढले की तोही जास्त दिसणार.

“हे सगळं डॉक्टरांचं दुकान”

आईच्या ऑपरेशनच्या वेळी एका हॉस्पिटलने हातमोज्यांचं जे बिल लावलं होतं ते मी अजून जपून ठेवलंय, त्यामुळे दुकान आहे की नाही यावर मला कुणी शिकवू नये. पण विकणारा लोभी आहे यावरून माल खोटा ठरत नाही. वाणी काट्यात मारतो म्हणून साखर कडू होत नाही. आणि हेतूच बघायचा तर दोन्हीकडे बघा ना, त्या मेसेजच्या शेवटी घाण्याच्या तेलाची लिंक आहे, पाच लिटरवर सूट.

आप्पाकाकांना स्वतःला दोन स्टेंट आहेत. ग्रुपवर माझ्या चुलतभावाने लगेच तेच काढलं, पण ते मी वापरणार नाही. माणूस स्वतः कसा वागतो त्यावरून त्याचं म्हणणं खरं की खोटं ठरत नाही, तोही तर्कदोषच, आणि शिवाय ते वयाने मोठे आहेत.

“निसर्गाकडे चला”

धोतराही नैसर्गिक आहे. विदर्भातली लाखोळीची डाळही, आणि दुष्काळात दुसरं काही नसल्यामुळे महिनोन्महिने तीच खाल्ली की पाय लुळे पडायचे. पुढे जात नाही, पटलं असेल.

ग्रुपवर मी यातलं काहीच लिहिलं नाही, एवढं लांब तिथे कोण वाचतंय. फक्त विचारलं, आप्पाकाका, तुम्ही भावंडं किती? त्यांचं उत्तर लगेच आलं, सात, आणि पुढे नमस्काराचे हात.

अर्ध्या तासाने मोठ्या आत्याची व्हॉइस नोट आली, तिला टाईप करता येत नाही. म्हणाली, “अगं सात नाही, नऊ. आप्पाच्या आधी एक मुलगा होता, गोविंदा, दीड वर्षाचा होऊन गोवराने गेला. आणि एक मुलगी झाली होती, ती बारशाच्या आधीच गेली. तिचं नाव नव्हतं ठेवलेलं.”