पेशंटसोबत एकच

सकाळी कॅनडातून भाचीने फोटो पाठवला. ती काम करते त्या हॉस्पिटलमधली खोली. तिथल्या मूळनिवासी पेशंटच्या गोतावळ्यासाठी. दहा-पंधरा जण बसतात, गातात, सेज नावाच्या वनस्पतीची पानं जाळून धूर अंगावर घेतात. धूर ओढून घ्यायला वर खास पंखा! 'मावशी, किती छान ना?'

छान कसलं, डोकं फिरलं माझं. मला ती चूल आठवली.

बारा वर्षं झाली असतील. आई विदर्भातल्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात होती. शेजारच्या खाटेवर भामरागडकडची माडिया आदिवासी पोर, बाळंतपणात अडलेली. सोबत सात माणसं, पास एक. बाकीचे सहा बाहेर कडुनिंबाखाली. तीन दगडांची चूल, वर जावा, म्हणजे पेज, शिजत ठेवलेला. वॉचमन आला आणि त्याने बुटाने भांडं उडवलं. म्हातारी सासू काही बोलली नाही. सांडलेली पेज हाताने गोळा करत बसली.

बरं, आपल्याला हे कळत नाही असंही नाही! गडचिरोलीच्या बंग डॉक्टरांनी लोकांनाच विचारलं होतं, दवाखाना कसा हवा? लोक म्हणाले, मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो. आमची बोली कुणाला येत नाही. तुम्ही पांढरे कपडे घालता, आम्ही ते मढ्याला घालतो. आणि आमच्या माणसांना तुम्ही बाहेर काढता. मग त्यांच्या शोधग्रामात पाड्यासारख्या झोपड्यांचा दवाखाना उभा राहिला, पेशंटची माणसं पेशंटजवळच. नावही लोकांनीच सुचवलं, माँ दंतेश्वरीचं. हेमलकशाला तर १९७३पासून आमटे मंडळी आदिवासींमध्ये काम करताहेत. दोन्ही गडचिरोली जिल्ह्यातच. आपण सहली काढून बघून येतो, डोळे पुसतो, आणि परत आल्यावर सरकारी दवाखान्यात तोच बूट.

कॅनडातही हे काही प्रेमाने झालेलं नाही म्हणा. २०२० साली क्युबेकमध्ये जॉयस एशाक्वान नावाची, अतिकामेक या मूळनिवासी जमातीतली बाई, सात मुलांची आई, खाटेवरून फेसबुक लाइव्ह करत होती. नर्स आणि मदतनीस तिला काय काय बोलत होत्या ते जगाने ऐकलं. त्याच दिवशी ती गेली. माडिया पोरीकडे कुठला आलाय मोबाइल!

हो, गर्दीने इन्फेक्शन होतं. हो, नातेवाईक डॉक्टरांवर हात टाकतात. मान्य. पण म्हणून एक शेड, चार चुली, एक नळ देता येत नाही? दीडशे किलोमीटरच्या पुढून आलेल्या माणसांनी काय हॉटेलात जेवायचं?

त्या पोरीला मराठी जेमतेम यायची. डॉक्टर विचारायचे, ती भिंतीकडे बघायची. कुठे दुखतंय ते सासूला माहीत होतं, आणि सासू गेटबाहेर. भांडं उडालं त्या रात्री सगळे तिला घेऊन निघून गेले. सकाळी केसपेपरवर सिस्टरने लिहिलं, 'ॲबस्कॉन्डेड', म्हणजे फरार. चोर असल्यासारखं. ती घरी पोचली का, बाळाचं काय झालं, कुणालाच ठाऊक नाही.

दुपारपासून वॉचमनला मनातल्या मनात शिव्या घालतेय. पण तो काही आपणहून उठून गेला नव्हता. खिडकीतून धूर येतोय, पेशंटना ठसका लागतोय, अशी वॉर्डातल्या आम्ही तिघींनी तक्रार केली होती. आईला खरंच ठसका लागत होता.

भाचीला अजून उत्तर दिलेलं नाही.