‘राज्य करायला आलोय’ म्हणाले, मग पुढे?

आज ऑफिसात दिवसभर लीडरशिपचं ट्रेनिंग होतं, डोकं अजून ठणकतंय. ट्रेनरच्या पहिल्या स्लाईडवर सिंह, दुसऱ्या स्लाईडवर आपले सयाजीराव महाराज आणि खाली ‘बॉर्न लीडर’. मग तीच गोष्ट, जी बडोद्यातलं प्रत्येक मराठी पोर शाळेत असल्यापासून ऐकतं, दत्तक घ्यायला मुलगा शोधणाऱ्या महाराणी जमनाबाईंनी विचारलं कशाला आलास, आणि कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळ, म्हणजे पुढचे सयाजीराव, म्हणाला राज्य करायला आलोय. टाळ्या!

अहो, पुढचं सांगा ना. दत्तक घेतलं १८७५ ला, अधिकार हातात आले १८८१ संपता संपता. मधली सहा वर्षं पोरगा इलियट साहेबांपुढे बसून शिकत होता आणि कारभार दिवाण टी. माधवराव बघत होते. सक्तीचं शिक्षणसुद्धा एका फटक्यात नाही आणलं, १८९३ ला अमरेलीकडे करून बघितलं, अख्ख्या राज्यात १९०६ ला. तेरा वर्षं धीर धरला माणसाने, आणि हा दादा म्हणतो बॉर्न!

थोर पुरुष जन्मालाच यावे लागतात हे कार्लाइल नावाचा ब्रिटिश लेखक १८४० च्या व्याख्यानांत सांगून गेला. १९४८ ला स्टॉगडिल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तोवरचा सगळा अभ्यास चाळून सांगितलं की नुसत्या अंगच्या गुणांवर कोणी नेता ठरत नाही, प्रसंग कुठला तेही बघावं लागतं. हे एमबीएच्या पहिल्या वर्षाला असतं हो! आम्ही मात्र अजून सिंह बघतोय.

मला दिवसभर आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी काकू आठवत होत्या. ३१ जुलै २०१९, बडोद्यात पूर, विश्वामित्री नदीचं पाणी पार्किंगमध्ये. काकूंनी कोणाला विचारलं नाही, मत घेतलं नाही, मेन स्विच पाडला, तळमजल्यावरच्या आजी-आजोबांना दुसऱ्या मजल्यावर हलवायला लावलं, कोणाकडे दूध कोणाकडे गॅस सगळं वाटून टाकलं, आणि मगर दिसली म्हणून खाली बघायला निघालेल्या पोरांना असं काही झापलं की विचारू नका. उलट बोलायची कोणाची टाप नव्हती. त्या रात्री त्या होत्या म्हणून आम्ही होतो.

आणि ह्याच काकू पुढच्या वर्षी रंगकामाच्या मीटिंगमध्ये! तोच आवाज, तोच हुकूम, रंग हा, कॉन्ट्रॅक्टर हा, चेक द्या. अर्धी सोसायटी उठून गेली, दोन घरांनी मेंटेनन्स बंद केला. नेतृत्वाचा अभ्यास करणारा मानसशास्त्रज्ञ फीडलर हेच तर म्हणतो, माणसाची पद्धत सहजी बदलत नाही, संकटात काम रेटणारा माणूस चालतो, पण परिस्थिती ना धड बिकट ना धड सोपी असली की माणसं सांभाळणारा लागतो. (त्याच्या मोजमापावर लोकांनी आक्षेप घेतलेत, ठाऊक आहे. आमच्या सोसायटीला तो चपखल बसतो.)

बरं, काहींच्या अंगात मुळातच धडाडी असते, हेही मान्य. काकूंच्या आहेच. पण मग तीच धडाडी मीटिंगमध्ये कुठे कामाला आली?

चिडचिड ह्याची आहे की आता ऑफिसात ट्रेनिंगमधल्या दहा गुणांच्या यादीवरून टीम लीड निवडणार. जो मोठ्याने बोलतो त्याला ‘प्रेझेन्स’चे मार्क. आमच्यातली एक शांत मुलगी, जिच्याकडे सगळे अडलं की जातात, तिला आत्ताच ‘लो कॉन्फिडन्स’ लिहून मोकळे झाले. संताप येतो.

रंगकाम शेवटी निस्तरलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी. पुराच्या रात्री हे गृहस्थ गॅलरीतून स्वतःची गाडी बुडताना बघत ‘अरे देवा’ करत होते, बाकी शून्य उपयोग. पण महिनाभर घराघरात जाऊन चहा प्यायले, प्रत्येकाचं रडगाणं ऐकलं, आणि मेंटेनन्स बंद केलेल्या घरांकडून चेक घेऊन आले. काकूंच्या घरी सगळ्यात आधी गेले होते म्हणे.