कॉर्नबर्ग यांची गोष्ट नोबेलनंतर जास्त रंगते

अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ आर्थर कॉर्नबर्ग यांच्यावरचा लेख मनापासून आवडला, पण डीएनए कसा तयार होतो यावरच्या कामासाठी त्यांना मिळालेल्या १९५९च्या नोबेलपाशीच तो थांबला याची हळहळ वाटली.

सेंट लुईसच्या प्रयोगशाळेत त्यांनी ई. कोलाय जिवाणूंच्या अर्कात किरणोत्सारी थायमिडीन (डीएनएचा एक घटक) घातलं, तेव्हा किरणोत्साराच्या दहा लाख काउंटांतले (मोजणी-नोंदींतले) जेमतेम पन्नास डीएनएत उतरले. इतक्या क्षीण खुणेकडे दुसऱ्या कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. त्यांनी तोच धागा धरून डीएनए पॉलिमरेज, म्हणजे डीएनएची नक्कल जोडत नेणारं एन्झाइम, हाती आणलं. केवढी ही चिकाटी!

मग १९६९ साली संशोधक जॉन केर्न्स आणि पॉला डी लुशिया यांना एक असा जिवाणू सापडला, ज्यात या एन्झाइमचं काम जवळजवळ दिसतच नव्हतं, तरी तो व्यवस्थित वाढत होता. म्हणजे डीएनएची मुख्य नक्कल दुसरंच एखादं एन्झाइम करत असणार. कॉर्नबर्ग यांच्यावर टीकेची झोड उठली. आणि उत्तर शोधलं कुणी, तर त्यांच्याच मुलाने! जुलियार्ड या संगीतशाळेत चेलो शिकलेल्या थॉमसने संशोधक माल्कम गेफ्टर यांच्यासोबत पॉलिमरेज दोन आणि तीन शोधली. गुणसूत्राची नक्कल प्रामुख्याने तिसरं करतं. वडिलांचं पहिलं पॉलिमरेज डीएनएची दुरुस्ती करतं, नक्कल सुरू करून देणारा आरएनएचा छोटा तुकडा (प्रायमर) काढून रिकामी जागा भरतं आणि स्वतः चुकीचं अक्षर जोडलं तर तेही छाटतं. याला दुय्यम काम म्हणणं मला अजिबात पटत नाही.

त्यांच्या पत्नी सिल्वी कॉर्नबर्ग यांचा उल्लेख मात्र लेखात हवाच होता. त्या स्वतः जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या, आणि अर्कातला डीजीटीपी हा डीएनएचा कच्चा माल तोडणारं एन्झाइम ओळखण्यात त्यांचा मोठा वाटा होता.