‘महारेरा नंबर आहे ना, मग झालं’

गेल्या रविवारी सकाळी भांडुपहून ताईचा फोन आला. “दाजी आणि पोरगा बदलापूरला निघालेत. फ्लॅटसाठी 51 हजारांचं टोकन देणार आहेत आज. येताना तुझ्याकडे जेवायला येतील.”

मी 2008 पासून बदलापुरात राहते. इतक्या वर्षांत ताईच्या घरातल्या कुणालाही मला विचारावंसं वाटलं नाही, की बाई, तिकडे घर घेणं कसं आहे. विचारायची गरजच पडली नव्हती. भाच्याच्या व्हॉट्सॲपवर सगळी उत्तरं आली होती. ‘मराठी माणसा जागा हो! बदलापूर, शेवटची संधी!’ खाली नऊ मुद्दे, प्रत्येकापुढे हिरवी बरोबरची खूण, शेवटी हात जोडलेले. महिनाभरात हाच मजकूर मला चार ठिकाणांहून आलाय. एकदा तर आमच्याच सोसायटीच्या ग्रुपवर आला, म्हणजे जे इथेच राहतात त्यांना इथे येऊन राहायचं आवाहन.

दाजींना फोन करून सांगितलं, “आधी जेवायला या, टोकन मग बघू.” ते आले, पण तोंड वाकडं करून. जेवताना जे तुकड्यातुकड्यांत बोलले ते इथे सलग लिहितेय. पुढच्या वेळी नुसतं पाठवून देता येईल.

सुरुवातीचे दोन-तीन मुद्दे उडवूनच लावते. शिवाजी महाराजांच्या काळात इथे घोडे बदलत म्हणून बदलापूर, तेव्हा ‘तुम्हीही नशीब बदला’. घोड्यांची ती ऐकीव कथा आहे, आम्हीही पाहुण्यांना सांगतो. तिच्यावरून फ्लॅटचा दर ठरत नाही.

‘सीएसएमटी फक्त 60 मिनिटांवर.’ कोणत्या गाडीने? रेल्वेने हे अंतर 68 किलोमीटर आहे. फास्ट लोकल मिळाली तरी सव्वा तास धरून चाला, स्लो असेल तर विचारूच नका. आणि हे झालं डब्यात शिरल्यानंतरचं. अंबरनाथची माणसं बसायला मिळावं म्हणून उलटी बदलापूरपर्यंत येतात, त्याला ‘डाऊन करणं’ म्हणतात. त्यामुळे इथून सुटणारी गाडीसुद्धा आपण चढायच्या आधी निम्मी भरलेली असते. ऑगस्ट 2022 मध्ये साध्या लोकलच्या जागी एसी लोकल आली तेव्हा याच स्टेशनात माणसं चिडून उतरली होती, आणि मध्य रेल्वेला 10 एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. कल्याण ते बदलापूर तिसरी-चौथी लाईन होतेय, हे खरं. ती झाली की मी स्वतः पेढे वाटीन. कांजूरमार्गहून बदलापूरला यायची मेट्रो 14 मात्र अजून कागदावरच आहे, आणि या मजकुरात ती ‘लवकरच’ आहे.

‘बारवी धरण शेजारी, पाणी 24 तास.’ हे वाचून आमच्या शेजारच्या काकू हसल्या, कारण त्या वेळी त्या बादल्या भरत होत्या. बारवी आहे एमआयडीसीचं. त्याचं पाणी कारखान्यांना आणि जिल्ह्यातल्या मोठ्या शहरांना जातं. बदलापूरला पाणी देतं जीवन प्राधिकरण, उल्हास नदीवरच्या बॅरेजवरून उचलून. धरण शेजारी असणं आणि नळाला पाणी असणं यांचा काही संबंध नाही.

‘नदीकिनारी निसर्गरम्य प्रकल्प’ याबद्दल एकच सांगते. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींतून काढावं लागलं, ते पाणी याच निसर्गरम्य नदीचं होतं. रमेशवाडी, हेंद्रेपाडा इथल्या तळमजल्यावरच्या माणसांना विचारा, 2005 ची खूण भिंतीवर कुठे होती ते हात वर करून दाखवतील. फ्लॅट बघायला जाल तेव्हा पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणारी निळी पूररेषा कुठून जाते आणि लाल कुठून, एवढं विचारा. साईटवरचा पोरगा गोंधळला तर चहा पिऊन परत या.

आता तो मुद्दा, ज्यासाठी मी एवढं टंकत बसलेय. ‘महारेरा नंबर असलेला प्रकल्प म्हणजे सरकारी गॅरंटी. डोळे झाकून बुकिंग करा.’ महारेरा म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, नवे प्रकल्प तिथे नोंदवावे लागतात.

दाजी हुशार माणूस. बँकेत शिपाई म्हणून लागले, हेड कॅशियर होऊन निवृत्त झाले. नोट हातात घेतली की खोटी ओळखतात. तेही म्हणाले, “अगं, महारेरा नंबर आहे ना, मग झालं.”

मी त्यांना विचारलं, “दाजी, डोंबिवलीच्या 65 बिल्डिंगा आठवतात?”

आठवत होत्या, पण ‘त्या अनधिकृत होत्या’ एवढंच. त्यांना महारेरा नंबर होते, हे विसरले होते. सगळेच विसरलेत. म्हणून पुन्हा सांगते. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत 65 इमारती उभ्या राहिल्या. पालिकेच्या बांधकाम परवानग्या खोट्या बनवल्या, शिक्के खोटे, सह्या खोट्या, आणि तेच कागद अपलोड करून महारेराची नोंदणी मिळवली. नोंदणी मात्र खरी! संकेतस्थळावर दिसणारी. तो नंबर जाहिरातीवर छापला, लोकांनी बघितला, घरं घेतली. बँकांनी कर्जंही दिली होती, असं तिथले रहिवासी सांगतात. हे प्रकरण बाहेर आल्यावर 2022 मध्ये गुन्हे दाखल झाले आणि 19 नोव्हेंबर 2024 ला मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती तीन महिन्यांत पाडायला सांगितलं. साडेसहा हजारांच्या आसपास कुटुंबं. पुढे मोर्चे, अर्जविनंत्या, पुढाऱ्यांची आश्वासनं हे सगळं झालं. पण ज्या दिवशी दारावर नोटीस लागली, त्या दिवशी तो नंबर कुणाच्या कामाला आला?

दाजी जेवायचे थांबले होते. 

याचा अर्थ महारेरा कुचकामी आहे असा नाही. तेही मी ऐकून घेणार नाही. 2017 च्या आधी घर घेतलेल्यांना विचारा, सुपर बिल्टअपच्या नावाखाली जिना आणि लिफ्टसुद्धा आम्हाला विकली गेली होती. आमच्या बिल्डरने दोन वर्षांत देतो म्हणून सांगितलेला ताबा चार वर्षांनी दिला आणि भोगवटा प्रमाणपत्र त्याच्याही नंतर. तक्रार करायची तर जायचं कुठे? आता कार्पेटवरच, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेवरच, विक्री करावी लागते. ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ताबा लांबला तर व्याजासकट पैसे परत मागता येतात. आणि दाजींच्या कामाची गोष्ट म्हणजे, करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डर किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त घेऊ शकत नाही. डोंबिवलीनंतर महारेराने परवानगीची खातरजमा थेट स्थानिक संस्थेकडून करून घ्यायची पद्धतही आणली. म्हणजे पूर्वीपेक्षा बरं आहेच.

पण नोंदणी म्हणजे नोंदणी. गाडीला नंबर प्लेट असली म्हणून ब्रेक लागतो असं नसतं. महारेराच्या संकेतस्थळावर त्या नंबराखाली काय काय अपलोड केलंय ते उघडून वाचायचं असतं. बांधकाम परवानगी कितव्या मजल्यापर्यंतची आहे, ताब्याची तारीख किती वेळा पुढे ढकलली, जमिनीवर कर्ज आहे का, कोर्टात दावा आहे का. मग त्या परवानगीचा क्रमांक घेऊन नगरपरिषदेच्या नगररचना विभागात जायचं आणि विचारायचं, हा तुमचाच कागद का? एवढंच. पण 25 लाखांच्या वस्तूसाठी कुणी अर्धा दिवस रजा टाकत नाही. आपण मेथीची जुडी घेताना मात्र दोरा सोडून आतली पानं बघतो.

भाच्याने मध्येच मोबाईल पुढे केला. “मावशी, हे बघ, नंबर आहे.” नंबर होता. आम्ही तिथेच, ताटं तशीच ठेवून, उघडून बघितला. प्रकल्प खरा, नाव तेच, पण दाजींना दाखवलेला फ्लॅट अकराव्या मजल्यावर आणि अपलोड केलेली परवानगी सात मजल्यांची. एजंटला फोन लावला. तो म्हणाला, “मॅडम, वरच्या मजल्यांचं प्रोसेसमध्ये आहे.” असेलही. येईलही परवानगी. मग परवानगी आल्यावर टोकन घ्या की!

‘जनगणना 2024 नुसार बदलापूर 92 टक्के मराठी.’ इथे मात्र मी हात टेकले. अरे बाबांनो, 2024 ची जनगणनाच झालेली नाही. 2021 ची कोविडने राहिली, पुढची 2027 ला आहे. शेवटचे खरे आकडे 2011 चे. हा 92 कुणीतरी चहा पिता पिता काढलेला आहे. त्याच ओळीत पुढे ‘ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या 1 कोटी 10 लाख’ असं म्हटलंय. ते 2011 चं आहे खरं, पण अखंड ठाण्याचं. पालघर 1 ऑगस्ट 2014 ला वेगळा झाला, त्याला आता दहा वर्षं उलटून गेली.

यातलं अर्धं मात्र खरं आहे आणि ते मान्य करायला मला जिवावर येतंय, कारण त्या अर्ध्यावरच हा मजकूर चालतो. 2001 मध्ये कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या 97,948 होती, 2011 मध्ये 1,74,226. दहा वर्षांत 78 टक्के वाढ. त्याच दहा वर्षांत मुंबई शहर जिल्हा, म्हणजे कुलाबा ते माहीम-सायनचा पट्टा, वाढायच्या ऐवजी घटला, 33 लाख 38 हजारांवरून 30 लाख 85 हजारांवर. परळ-लालबागची माणसं आधी डोंबिवलीत गेली, मग अंबरनाथला, मग इथे आली. मीही त्यातलीच. गणपतीला आमच्या गल्लीत आरती सुरू झाली की कुणाची चाल कुठल्या चाळीतली आहे ते ओळखू येतं.

पण म्हणून हे काही मराठी माणसासाठी राखून ठेवलेलं बेट नाही. आमच्याच मजल्यावर एक उत्तर प्रदेशचं कुटुंब आहे, एक केरळचं, एक गुजराती. त्यांनाही भांडुप-मुलुंड परवडत नव्हतं, म्हणून ते आले. दर कमी असतात तिथे पगार कमी असलेली माणसं जातात, बाकी काही नाही. आणि जे इथले मूळचे, ज्यांच्या भातशेतीवर आमच्या बिल्डिंगा आहेत, ते आगरी, कुणबी, ठाकर, कातकरी या मजकुरात कुठेच नाहीत. तेव्हा ‘आपलं’ कुणाचं, हा प्रश्न फ्लॅट विकणाऱ्याने न विचारलेला बरा. ‘नाहीतर परप्रांतीय घेतील’ ही भीती घालून एजंट टोकन मागतो, आणि संध्याकाळी तोच मजकूर हिंदीत ‘मराठी माणसा’ काढून दुसऱ्या ग्रुपवर जातो. आमच्या केरळच्या शेजाऱ्यांना तो आलाय, मी बघितलाय.

‘पाच वर्षांत दुप्पट.’ दुप्पट व्हायला वर्षाला चक्रवाढीने जवळपास 15 टक्के वाढ लागते. भाव वाढले नाहीत असं नाही, वाढले. वडोदरा महामार्गाचं काम इथून चाललंय, त्याने आणखी वाढतीलही. पण विकायला काढाल तेव्हा कळेल. तुमच्या दहा वर्षांच्या फ्लॅटसमोर नवा टॉवर उभा असतो, त्यात जिम असते, आणि बुकिंगला मॉड्युलर किचन फुकट असतं. गिऱ्हाईक तिकडे जातं. आमच्या विंगमधला एक फ्लॅट दीड वर्ष विकायला आहे.

‘भाड्याइतक्या हप्त्यात स्वतःचं घर.’ 24.99 लाखांच्या फ्लॅटसाठी 20 लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, 20 वर्षं. हप्ता 17,356 रुपये. एकूण भरणार साडेएक्केचाळीस लाखांहून थोडे जास्त. ताबा मिळेपर्यंत भांडुपचं भाडंही चालूच. मुद्रांक शुल्क, नोंदणी, जीएसटी, पार्किंग, सोसायटीचं आगाऊ मेंटेनन्स हे त्या 24.99 मध्ये नसतं. बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, हे त्या मजकुरात नाही! ताईचं नाव घाला म्हटलं, तर दाजी पहिल्यांदा हसले.

‘पंतप्रधान आवासची 2.67 लाखांची सबसिडी’ ही योजना 31 मार्च 2022 ला संपली. नवी आहे ती जास्तीत जास्त 1.80 लाखांची, तीही पाच वार्षिक हप्त्यांत, आणि उत्पन्नाची, घराच्या किमतीची मर्यादा घालून.

आणि शेवटी, हा मजकूर दहा मराठी माणसांना पाठवा. भाच्याने अकरा जणांना पाठवलाय.

टोकन त्या दिवशी दिलं नाही. एजंटने सोमवारपासून तीन फोन केले, ऑफर संपतेय म्हणून. दाजींनी त्याला वरच्या चार मजल्यांच्या परवानगीची प्रत मागितली आहे. येत्या बुधवारी ते आणि मी नगररचना विभागात जाणार आहोत, ताईने डबा देते म्हटलंय.